दर वर्षी ध्येय ठरवते आणि ते निसटतं. यंदा गणेश चवथीपर्यंत धरून ठेवायचंय

मये_काठ
रविवार, ८ जून २०२५, रात्री ९.४०

नमस्कार मंडळी.

आज कपाट आवरताना २०२१ पासूनच्या पाच डायऱ्या हाती लागल्या. पाचही घेऊन बसले. प्रत्येकीच्या १ जानेवारीच्या पानावर जवळजवळ तीच तीन वाक्यं आहेत: वजन कमी करायचं, वाचन वाढवायचं, घुमट (मडक्याला चामडं लावलेलं आमचं गोव्याचं वाद्य) शिकायचं. २०२२ला तर हिरव्या शाईनं लिहून खाली दोन रेघा मारल्यात. त्याच डायरीची फेब्रुवारीनंतरची पानं कोरी आहेत.

मी कामचुकार नाही. सकाळी पणजीला पाटोवरच्या ऑफिसात वेळेवर पोचते, घरी यायला साडेसहा होतात. लोकांना दिलेला शब्द पाळते. स्वतःला दिलेला शब्द तेवढा राहून जातो आणि त्याचं मला मनापासून वाईट वाटतं.

यंदा वजन आणि वाचन बाजूला ठेवलंय. फक्त घुमट. आमच्या वाड्यावर अकरा घरं. चवथीला घुमट-आरतीचं मेळ घेऊन सगळ्या घरी जायची पद्धत आहे. घुमट वाजवतात थोरले काका, वय ७४. गेल्या वर्षी तिसऱ्या घरी त्यांचा हात थरथरायला लागला. त्यांनी घुमट खाली ठेवलं आणि पुढच्या आठ घरांत आरती मोबाईलवर लागली. कोणी काही बोललं नाही. पण आठव्या घरातल्या आजींनी टाळ्या वाजवता वाजवता मध्येच थांबून इकडेतिकडे पाहिलं, ते मी अजून विसरले नाही.

चवथ २७ ऑगस्टला आहे. आजपासून बरोबर ८० दिवस. काका शिकवायला तयार आहेत. ज्यांनी एखादं ध्येय शेवटपर्यंत धरलं त्यांनी सांगा, तुम्ही नेमकं काय केलंत?

---

निवृत्त_मास्तर
८ जून, रात्री १०.२५

ताई, लिहिलंत ते आवडलं. मी म्हापशाला तीस वर्षं मानसशास्त्र शिकवलं, त्यामुळे थोडं सविस्तर लिहितो.

'घुमट शिकायचं' ही इच्छा झाली. ध्येय अजून ठरायचं आहे. एडविन लॉक यांनी १९६८ साली एक लेख लिहिला आणि पुढे गॅरी लेथम यांच्यासोबत १९९० मध्ये त्या विषयावर मोठा ग्रंथ केला. त्यांना वारंवार एकच गोष्ट दिसली. 'होईल तेवढं कर' असं सांगितलेल्या माणसापेक्षा, नेमकं आणि थोडं अवघड काम ठरवून दिलेला माणूस जास्त करतो. कारण साधं आहे. 'होईल तेवढं' हे कुठेही संपतं. कंटाळा आला की आपण म्हणतो, एवढंच होणार होतं.

पण याला अटी आहेत आणि त्या लोक विसरतात. ध्येय माणसानं मनातून स्वीकारलेलं हवं. आपण कुठवर आलो हे त्याला मधूनमधून कळायला हवं. आणि काम अगदी नवं असेल तर 'किती चांगलं' यापेक्षा 'काय शिकायचं' हे ठरवणं बरं. नवशिक्यापुढे उंच निकाल ठेवला की तो घाबरतो आणि शिकायच्या वाटाच शोधत नाही.

तेव्हा मला एका वाक्यात सांगा: २७ ऑगस्टच्या रात्री तुम्ही कुठे बसलेल्या असाल आणि काय वाजवत असाल?

---

मये_काठ
८ जून, रात्री ११.१०

सर, विचार करून लिहिते. "चवथीच्या रात्री मूळ घरात, काकांच्या उजव्या हाताला बसून, पहिल्या आरतीचा ठेका शेवटपर्यंत न तुटता."

अकरा घरांचं काही ठरवत नाही. एक आरती.

---

पखवाजी
९ जून, सकाळी ७.०५

हे वाक्य कागदावर लिहून घुमटाजवळ ठेवा.

मी फोंड्याकडचा, भजनाला पखवाज वाजवतो, घुमटही वाजवतो. पहिले दहा दिवस घुमटाला हात कमी आणि तोंडाला काम जास्त. ठेक्याचे बोल तोंडानं म्हणायचे, मांडीवर टाळी द्यायची. शटल बसमध्ये बसल्या बसल्या होतं. बोल तोंडात बसले की हात मागून येतो.

मग डाव्या हाताकडे लक्ष द्या. नवशिके सगळे उजव्या हाताच्या मागे लागतात. चामड्यावर थाप उजव्या हाताची, पण मडक्याचं मागचं छोटं तोंड डाव्या तळव्यानं झाकायचं-उघडायचं, तिथे नादाची खरी गंमत. तळवा पूर्ण लावला की आवाज दबतो, अर्धा उचलला की घुमतो. काकांचा डावा हात बघत बसा.

घुमट जुनं आहे का? घोरपडीच्या चामड्याचं असेल तर ते जपून ठेवा. घोरपड १९७२च्या वन्यजीव कायद्यानं संरक्षित आहे. आता बकरीचं चामडं लावतात. ते पावसात सैल पडतं. खिडकीपाशी ठेवू नका. वाजवायच्या आधी निखाऱ्यावर लांबून शेक द्या. जवळ नेलंत तर फाटेल.

---

जुवारीपार
९ जून, दुपारी १.३०

माझं मत वेगळं आहे. ध्येय असं चारचौघांत सांगू नये.

मी २०२२ साली मिरामारच्या आयर्नमॅन ७०.३ शर्यतीसाठी नाव घालायचं ठरवलं. १.९ किलोमीटर पोहणं, ९० किलोमीटर सायकल, २१.१ किलोमीटर धावणं. नाव घालायच्या आधीच सगळ्या नातेवाइकांना सांगून टाकलं. लोकांनी शाबासकी दिली, मी फोटो टाकले, आणि ती शाबासकी मिळाल्यावर पहाटे उठायची ओढच राहिली नाही. त्या वर्षी मी उतरलोच नाही.

पुढच्या वेळी फक्त बायकोला आणि पोहणं शिकवणाऱ्या सरांना सांगितलं. कांपालच्या ५० मीटरच्या तलावात १.९ किलोमीटर म्हणजे ३८ लांब्या. पहिल्या दिवशी चार झाल्या. मी ३८ हा आकडा मनातून काढला आणि सरांना एवढंच विचारलं, "उद्या किती?" ते म्हणाले, "पाच." सात महिने तोच एक प्रश्न. शेवटी वेळेच्या मर्यादेत पूर्ण केली, सव्वाआठ तासांत. मर्यादा साडेआठची होती.

---

निवृत्त_मास्तर
९ जून, सायंकाळी ५.१५

जुवारीपार, तुमच्या अनुभवाला आधार आहे. पीटर गोलवित्झर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २००९ मध्ये हेच मांडलं. 'मला अमुक व्हायचंय' हे दुसऱ्यानं ऐकून मान्य केलं की आपण थोडे तसे झालोच असं मनाला वाटतं आणि प्रत्यक्ष मेहनत कमी होते.

पण तुम्हीही दोघांना सांगितलंतच की. फरक ऐकणारा काय करतो यात आहे. नातेवाईक कौतुक करून मोकळे झाले. सर दुसऱ्या दिवशी तलावाच्या काठावर उभे राहिले. ताईंच्या बाबतीत काका त्या काठावर उभे आहेत. या धाग्यावर कौतुक करायच्या ऐवजी आपण त्यांना दर आठवड्याला विचारत राहू.

त्याच गोलवित्झरांचं याहून कामाचं संशोधन १९९०च्या दशकातलं आहे. नाताळच्या सुट्टीत विद्यार्थ्यांना एक अहवाल लिहायला सांगितला. काहींना आधीच ठरवायला लावलं की कधी आणि कुठे बसून लिहाल. त्यांच्यात काम पुरं करणाऱ्यांचं प्रमाण दुपटीहून जास्त निघालं. बाकी काही बदललं नव्हतं. 'अमुक झालं की मी तमुक करीन' एवढं वाक्य तयार होतं.

ताई, रोज तुमच्याकडे न चुकता काय घडतं?

---

मये_काठ
९ जून, रात्री ८.००

पोदेर, म्हणजे आमचा पाववाला! सकाळी सव्वासहाला सायकलवरून येतो, रबरी भोंपू वाजवत. मी दारात उंडे (गोल पाव) घ्यायला जातेच. मग असं ठरवते: पोदेराचा भोंपू वाजला, उंडे घेतले, टोपलीवर फडकं टाकलं, की घुमट मांडीवर. पंधरा मिनिटं.

---

रात्रपाळी
१२ जून, पहाटे ४.२०

ड्युटीवरून लिहितेय, वॉर्ड शांत आहे. मी नर्स, माझं घर फोंड्याकडे.

'रोज ठरावीक वेळी' हा सल्ला आमच्यासारख्यांना मारक ठरतो. आमची पाळी दर आठवड्याला बदलते. मी जीएनएम (नर्सिंगचा डिप्लोमा) केलंय, पोस्ट बेसिक बी.एस्सी. नर्सिंगची प्रवेश परीक्षा द्यायची होती. एका क्लासला पूर्ण वर्षाची फी भरली. ते पाळीप्रमाणे वेळ बदलून देऊ म्हणाले होते. नंतर बदलून दिली नाही, पैसेही परत केले नाहीत. त्या वर्षी मी मान टाकली. मला वाटलं आपल्यातच काही कमी आहे.

मग घड्याळ सोडलं. माझी खूण आहे युनिफॉर्म. पाळी सकाळची असो, रात्रीची असो, युनिफॉर्म बदलला की लॉकरच्या आतल्या बाजूला चिकटवलेला एक कागद वाचायचा. एका कागदावर एकच विषय, औषधांची मात्रा काढायची गणितं किंवा हाडांची नावं. कागद पाठ झाला की तो काढून दुसरा. बसमध्ये तोच मनात घोळवायचा. चौदा महिन्यांत लॉकरच्या दाराला टेपचे इतके थर बसले की दार नीट लागेना. यंदा परीक्षा दिली.

मये_काठ ताई, खूण निवडताना ती पावसाळ्यात टिकते का बघा.

---

सत्तरीचा_एक
१५ जून, रात्री ११.५०

मी सत्तरी तालुक्यातला, इथे फक्त वाचत असतो. आज लिहावंसं वाटलं.

तुम्हा सगळ्यांची ध्येयं तुमची आहेत. माझं तसं नाही. वय २६. चार वर्षं सरकारी नोकरीच्या परीक्षा देतोय. वडिलांची इच्छा आहे. आमच्या गावात सरकारी नोकरी म्हणजे सगळं. मी वेळापत्रक करतो, भिंतीवर लावतो, पहाटे पाचला उठतो. पुस्तक उघडतो आणि तासाभरानं त्याच पानावर असतो. खूण, वेळ, जागा सगळं ठरवून पाहिलं. मग वडील म्हणतात, मन लावत नाहीस.

काजूचं आमचं थोडं बागायत आहे. मार्च-एप्रिलमध्ये मी तिथे चौदा तास राबतो आणि मला थकवा येत नाही. हे मी कुणाला सांगितलेलं नाही.

---

निवृत्त_मास्तर
१६ जून, सकाळी ८.३०

बाळा, काल रात्रीच वाचलं, पण घाईत उत्तर द्यायचं नव्हतं.

तुझ्यात इच्छाशक्ती कमी आहे असं मला वाटत नाही. चौदा तास बागेत राबणाऱ्याकडे ती भरपूर आहे. एडवर्ड डेसी यांनी १९७१ साली एक प्रयोग केला होता. कॉलेजच्या मुलांना मजेशीर कोडी सोडवायला दिली आणि त्यांपैकी काहींना त्याचे पैसे दिले. नंतर पैसे थांबवले, तेव्हा त्या मुलांनी मोकळ्या वेळेत कोड्यांना हात लावणं कमी केलं. ज्यांना पैसे दिलेच नव्हते ती खेळत राहिली. डेसी आणि रायन यांनी पुढे यातून जो विचार मांडला त्याचं सार मला असं समजलं: हे मी निवडलंय, हे मला जमत चाललंय, आणि यात माझी माणसं आहेत, या तीन गोष्टींवर ओढ टिकते. तुझ्या परीक्षेत पहिलीच गोष्ट नाही. काजूच्या बागेत तिन्ही असाव्यात.

माझ्या तीस वर्षांत मी बऱ्याच मुलांना 'मन लाव' म्हणालो. त्यातल्या काहींना मी आधी 'तुला काय हवंय' असं विचारायला हवं होतं. ती चूक माझी होती. तुला विचारतो: वडिलांना नोकरी का हवी आहे, हे त्यांना कधी विचारलंस का? कदाचित त्यांना नोकरीपेक्षा तुझं बस्तान बसलेलं हवं असेल.

---

पखवाजी
१६ जून, सकाळी ९.१०

सत्तरीच्या भावा, माझे वडील मला गवंडीकामाला न्यायचे. त्यांना 'मला पखवाज वाजवायचाय' असं मी कधी सांगितलं नाही. गवंडीकाम सोडलंही नाही. एका सप्ताहात ते समोर बसले असताना वाजवला. त्यांनी पाहिलं, मग बोलणं सोपं गेलं. तुझ्या बागेत काय पिकलं, किती विकलं, किती उरलं, ते वहीत मांडून त्यांच्यापुढे ठेव. तोंडानं सांगितलेलं वडील ऐकत नाहीत, हिशेब वाचतात.

---

मये_काठ
शनिवार, ५ जुलै, रात्री ९.००

गेल्या सहा दिवसांपैकी चार बुडाले. सांगायला जीभ वळत नव्हती.

आधी ताप. मग पाऊस इतका की पोदेर तीन दिवस आलाच नाही. भोंपू वाजला नाही आणि मला घुमटाची आठवणच झाली नाही! रात्रपाळी ताईंनी हेच बजावलं होतं. चौथ्या दिवशी जागी झाले तेव्हा पहिला विचार आला, "झालं, याही वर्षी तसंच." तीच कोरी पानं डोळ्यांपुढे आली.

---

निवृत्त_मास्तर
५ जुलै, रात्री ९.३५

हा विचारच धोक्याचा. लंडनमधल्या फिलिपा लॅली यांनी ९६ जणांना १२ आठवडे एक-एक नवी सवय लावून पाहिली. ती अंगवळणी पडायला साधारण ६६ दिवस लागले. कुणाला १८ पुरले, कुणाला २५४ लागतील असा हिशेब निघाला. आणि मधला एखादा दिवस चुकल्यानं फारसं बिघडत नाही, हेही त्यांना दिसलं. चार दिवस म्हणजे एकापेक्षा जास्तच, ते मी नाकारत नाही. पण तुमचे आधीचे दिवस पुसले गेलेले नाहीत. बोल तोंडात आहेत की गेले?

---

मये_काठ
५ जुलै, रात्री ९.५०

आहेत. आता म्हणून पाहिले. आहेत.

---

रात्रपाळी
६ जुलै, दुपारी २.००

मग खूण बदला, ध्येय तेच ठेवा. पाऊस असो, ताप असो, वीज गेलेली असो, तुमच्या घरात काय थांबत नाही?

---

मये_काठ
६ जुलै, सायंकाळी ७.४०

सांजवात. आई आजारी असली तरी देवाजवळ दिवा लागतो. आज एकादशी, दिवा लावला आणि तिथेच देवघरापुढे घुमट घेऊन बसले. घरात धूप होताच, त्यावरच चामडं लांबून शेकलं. काका जिना उतरून आले आणि समोर बसून नुसता डावा हात हलवत राहिले. त्यांचा हात आता थाप देऊ शकत नाही, पण उघडझाप अजून चोख आहे. मी त्यांच्या तळव्याकडे बघत वाजवलं. पहिल्यांदा आवाज घुमला.

---

जुवारीपार
२० जुलै, सकाळी ६.१५

आठवडा कसा गेला? किती दिवस?

मये_काठ
२० जुलै, सकाळी ६.५०

सातपैकी सहा. अर्धी आरती अखंड. पाचव्या ओळीला लय पळते.

पखवाजी
२० जुलै, सकाळी ७.३०

पळू देऊ नका. लोक टाळ्या वाढवतील, तुम्ही वाढवू नका. घरच्यांना मुद्दाम जलद टाळ्या द्यायला सांगा आणि त्यांच्या मागे न जाता वाजवा. चवथीच्या रात्री हेच होणार आहे.

जुवारीपार
१० ऑगस्ट, सकाळी ६.२०

किती?

मये_काठ
१० ऑगस्ट, सकाळी ७.००

सातपैकी सात. पूर्ण आरती दोनदा अखंड, तीनदा तुटली.

---

सत्तरीचा_एक
१७ ऑगस्ट, रात्री १०.३०

मास्तर, पखवाजी दादा, वही केली. तीन हंगामांचे आकडे जुन्या पावत्यांवरून काढले. वडिलांना अजून दिलेली नाही. चवथीला काका मुंबईहून येतात, तेव्हा सगळे बसतील. पुढची परीक्षा मी देणार आहे, अर्ज भरलाय, मध्येच सोडणार नाही. पण वही उशाशी ठेवलीय.

---

मये_काठ
शनिवार, ३० ऑगस्ट २०२५, सकाळी ११.००

आमचा दीड दिवसांचा गणपती. परवा विसर्जन झालं, काल दिवसभर झोपले, आज लिहितेय.

माटोळीखाली (गणपतीवर बांधलेल्या फळा-पानांच्या सजावटीखाली) सगळे दाटीवाटीनं उभे. काकांनी या वर्षी कासाळें (झांजा) घेतलं, ते त्यांच्या हाताला झेपतं. शामेळ (घुमटाच्या साथीचं तालवाद्य) चुलतभावाकडे. मी काकांच्या उजव्या हाताला बसले. पहिल्या दोन ओळी माझा हात इतका घट्ट झाला की थाप लाकडासारखी येत होती. तेवढ्यात काकांनी गुडघ्यानं माझ्या गुडघ्याला हलकेच टेकवलं, लय सांगितली. पाचव्या ओळीला टाळ्या पळाल्या. मी पळाले नाही. आरती संपेपर्यंत ठेका तुटला नाही.

दुसरी आरती तुटली. तिसरीही. पण मोबाईल कोणी बाहेर काढला नाही. तुटली की सगळे नुसत्या टाळ्यांवर म्हणत राहायचे आणि मी पुढच्या कडव्याला परत शिरायचे. अकरापैकी चार घरांत वाजवलं, मग तळवा सुजला. बाकीच्या घरांत चुलतभावानं शामेळवर ओढून नेलं. आठव्या घरातल्या आजी खुर्ची पुढे ओढून बसल्या होत्या. तिथे मी वाजवू शकले नाही, ते मनात राहिलंय.

सर, रात्रपाळी ताई, जुवारीपार, पखवाजी दादा, सत्तरीच्या भावा, देव बरें करूं.

पखवाजी दादा, आता शिगम्याची सुंवारी (होळीच्या सणातलं घुमटवादन). मार्चच्या सुरुवातीला होळी आहे. कुठून सुरुवात करू?

---

पखवाजी
३० ऑगस्ट, दुपारी १२.१५

आधी तळव्याची सूज उतरू द्या, आठ दिवस घुमटाला हात नको. चामडं कोरड्या फडक्यानं पुसून ठेवा. सुंवारीचे बोल मी आज रात्री आवाजात पाठवतो, ते शटलमध्ये म्हणा. आणि आठव्या घरच्या आजींकडे शिगम्याची वाट बघू नका. सूज उतरली की एखाद्या संध्याकाळी घुमट घेऊन जा.

---

मये_काठ
३० ऑगस्ट, दुपारी १२.४०

रविवारी, ७ तारखेला जाते. सांजवात लावून झाली की. काकांना विचारलं, तेही येतायत.